सतरा नंबरची गाठ

“माही गाठ सुटत नाई, साहेब.”

“मग जाळं काय हसता हसता फाटलं?” बेहेरेसाहेबांनी ईमेलचा छापील कागद टेबलावरून पुढे सरकवला.

सुंदराबाईंना इंग्रजी वाचता येत नव्हतं. पण कागदाच्या मधोमध असलेला सतराचा आकडा त्यांनी ओळखला. तो त्यांचाच होता. विश्रांतवाडीच्या पुढे, आळंदी रस्त्यावरच्या त्या कारखान्यात यंत्रं जाळीची लांबच लांब थानं विणायची. थानाला थान जोडून त्याचं मासे धरायचं जाळं करायचं काम मात्र हातांचं. हातजोडणीच्या बाकावर चौदा बायका बसायच्या, आणि जिनं जोड घातला तिच्या नंबरचा पत्र्याचा बिल्ला त्या जोडाला लागायचा.

“परदेशी बोट आहे,” बेहेरे म्हणाले. “आठशे मीटर खोल तुमचा जोड उसवला म्हणते. जाळं परत पाठवलंय, मागच्या अंगणात पडलंय. परवा उत्तर द्यायचं. गाठ सरकलेली निघाली, तर उद्यापासून हातजोडणीला तुम्ही नको. वाईट वाटून घेऊ नका. घेतलंत तरी माझी हरकत नाही.”

“आधी पाहू तर द्या मले.”

“पाहा की. ऋचा, जा यांच्याबरोबर. आणि नाकाला रुमाल लावा, पार्टीनं वासासकट पाठवलंय.”

अठ्ठ्याण्णव साल होतं ते. कारखान्यात ईमेल येऊन वर्षही झालं नव्हतं. पूर्वी महिन्याने पोचणारी तक्रार आता सकाळच्या चहाच्या आधी येऊन बसायची. सुंदराबाईंना मात्र तक्रार अशी कधी आलीच नव्हती. दिग्रसजवळच्या खेड्यातून नवऱ्यामागे त्या पुण्याला आल्या, नवरा गेला, लेक श्रद्धा या बाकाच्या जिवावर बारावीला पोचली. अठरा वर्षं समुद्रासाठी गाठी मारल्या, समुद्र पाहिला नाही. एकदा कारखान्याची सहल गणपतीपुळ्याला गेली, तर नेमका लेकीला गोवर निघाला.

गाठी मोजायची त्यांची रीत निराळी होती. इतर बायका आकडे मोजायच्या, त्या ओवी म्हणायच्या. एका ओळीत चार गाठी, ओवी पुरी झाली की आठ.

पहिली माही गाठ गं दर्याच्या त्या राजाले,
घर बांधून धाडते न पाह्यल्या गावाले.

जाळीच्या एकेका चौकोनाला बाकावरच्या बायका ‘घर’ म्हणायच्या, स्वेटर विणताना म्हणतात तसं.

अंगणात जाळं पसरलं होतं. हिरवा दोर काळपट पडला होता. वास माशाचा नव्हता, निराळाच होता. उन्हानं कधी न शिवलेल्या मातीचा. सुंदराबाई उकिडव्या बसल्या आणि घरामागून घर बोटांखालून सरकवू लागल्या. ऋचा कोथरूडहून स्कूटीवर येणारी, दर्जा तपासणीत नव्यानं लागलेली इंजिनीअर. तीही ओढणी कमरेला खोचून शेजारी बसली.

“मावशी, तुम्ही नक्की काय बघताय?”

“गाठ सरकली असंन तर दोराचं शेपूट आखूड होते. हे पाहा. बोटभर ठेवलं होतं, बोटभर हाये.” त्या पुढे सरकल्या. “हेबी हाये. हेबी.”

बिल्ल्यापाशी त्यांचा हात थांबला. गाठी जागच्या जागी होत्या, जोड धड होता. फाटलं होतं ते खाली, यंत्रानं विणलेल्या थानात. दोर तुटून त्याचे तंतू पिंजले होते. आणि तिथेच, जोडाच्या चारसहा घरांत, एक फांदी अडकली होती. वीतभर, गुलाबीसर, बारीक बारीक फाटे फुटलेली. खाली बुंध्याचे तुकडे दोरात रुतलेले.

“झाड?” सुंदराबाई म्हणाल्या. “समुद्राच्या पोटात?”

“पोवळं असावं. पण इतक्या खोल?” ऋचानं बुंध्याचा एक तुकडा रुमालात बांधला. “माझ्या ज्युनिअर कॉलेजच्या पद्मजा मॅडम जीवशास्त्र शिकवतात. विचारते.”

दुसऱ्या दिवशी ती आली ती सरळ बाकापाशीच.

“मावशी, ते झाड नाहीच! प्राणी आहेत. हजारो, बारीक, एकमेकांना धरून राहणारे. ती फांदी म्हणजे त्यांनी बांधलेली जागा.”

“वस्तीच म्हना की.”

“वस्तीच. वर्षाला केसाएवढी जाड होते. मॅडमनी तुकडा घासून भिंगाखाली धरला, आत वर्तुळं आहेत खोडासारखी. चारशेच्या आसपास म्हणाल्या.”

“चारशे काय?”

“वर्षं.”

बाकावरच्या बायकांचे हात थांबले. कौशल्यानं, सुंदराबाईंच्या शेजारणीनं, तोंडाला पदर लावला. “अगं बाई! मंग ते आपल्या जाळ्यात काहून आलं?”

“हे जाळं तळावरून ओढतात ना. मैलोन्‌मैल, फरफटत.”

“वखर फिरवल्यावानी,” सुंदराबाई म्हणाल्या. “पन वखरतात ते पेरासाठी. हे काय पेरतात मागून?”

“काही नाही,” ऋचा म्हणाली.

अहवाल गेला. गाठी शाबूत, जोड शाबूत. तळावरच्या पोवळ्याला अडकून थान फाटलं. सोबत फांदीचा फोटो. बेहेऱ्यांनी स्वतः बाकापाशी येऊन सांगितलं, “सुंदराबाई, सुटलात. म्हणजे तुम्ही सुटलात, गाठ नाही.” अठरा वर्षांत त्यांनी केलेला हा पहिला न बोचणारा विनोद, बायका मनापासून हसल्या. कौशल्यानं घरून शेंगदाण्याची पोळी आणून सगळ्यांना वाटली.

चौथ्या दिवशी बोटीचं उत्तर आलं. बेहेऱ्यांनी सुंदराबाईंना बोलावून खुर्ची दिली.

“खूश आहेत लोक. कारण कळलं म्हणतात. आता नवीन जाळी हवीत, बारा. खालच्या दोराला लोखंडी चाकं, पोटाला दुहेरी थान. म्हणजे असली झाडंबिडं मधे आली तरी जाळं अडायचं नाही, वरून जाईल. सगळे जोड सतरा नंबरचेच हवेत, असं लिहिलंय. तुमच्या हाताखाली सहा बायका देतो.”

सुंदराबाईंनी ऋचाकडे पाहिलं. “वरून जाईन म्हंजे? त्या वस्तीचं काय होईन?”

ऋचा खिडकीबाहेर बघत होती. “मोडेल.”

“मंग परत व्हाले किती वर्सं?”

“तुम्हाला माहितीये, मावशी.”

पंख्याखाली कागद फडफडत होते. सुंदराबाईंनी दोन्ही तळवे मांडीवर उलटे ठेवले होते. दोरानं घासून त्यांवरच्या रेषा केव्हाच बुजल्या होत्या. 

“म्या खरं सांगतलं म्हनून हे झालं,” त्या हळूच म्हणाल्या.

“खरं नसतं सांगितलं तर तुम्ही गेला असता,” बेहेरे म्हणाले. त्यांच्या आवाजात नेहमीची धार नव्हती.

“हो ना. माह्यासाठीच सांगतलं.” त्या उठल्या. “साहेब, मले खेळाच्या जाळ्यांकडं द्या.”

“तिकडे? शाळांचे व्हॉलीबॉलचे नेट बांधायला? महिन्याभरात शिकलेल्या पोरी बसतात तिथे.”

“बसतो मी बी.”

“अहो, तिथे नंबरसुद्धा नसतो. बिल्ला नाही.”

“नसू दे.”

“मावशी,” ऋचा कळवळून म्हणाली, “तुम्ही नाही बांधलं तर दुसरं कोणीतरी बांधणारच आहे.”

“बांधू दे, माय. दुसऱ्याची गाठ एखाद्या वेळी सुटंन. माही सुटत नाई.”

बेहेऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग बदलीचा कागद लिहिला, सही केली. “सोमवारपासून,” ते म्हणाले.

शनिवारी फाटलेलं जाळं भंगारात जायचं होतं. टेम्पो दुपारी येणार होता. जेवणाच्या सुट्टीत सुंदराबाई डबा न उघडताच अंगणात जाऊन बसल्या. फांदी अजून जोडात तशीच होती. फोटो काढून झाल्यावर तिचं कोणाला काम नव्हतं.

कौशल्या सुरी घेऊन आली. “हे घे. काप अन् काढ. भंगारच तं हाये.”

“कापताना धक्का बसते.”

टोकदार सळई त्यांनी पहिल्या गाठीत घातली. गाठ हलली नाही. पाण्यानं, ओझ्यानं ती दगडासारखी आवळली होती. सुंदराबाईंनी तिच्यावर तोंडानं वाफ घातली, अंगठ्यानं दाबली, पुन्हा सळई. अठरा वर्षांत गाठ सोडवायला त्या कधी बसल्या नव्हत्या. सोडवण्यासाठी ती मारलेलीच नव्हती. एक नख उचकटलं. ते बोट त्यांनी क्षणभर तोंडात धरलं.

पहिली सुटली. मग दुसरी. तिसरी. कौशल्या सुरी बाजूला ठेवून समोर बसली आणि दोर ताणून धरू लागली. वीसेक गाठी सुटल्या तेव्हा सुट्टी कधीच संपली होती, आणि त्यांना बोलवायला बाकावरून कोणी आलं नव्हतं.

फांदी मोकळी झाली. वाळून ती अगदी हलकी झाली होती. सुंदराबाईंनी ती फरशीवर ठेवून पाहिली, ती कलंडली. विटेला टेकवली, तिथूनही कलंडली. खालचा बुंधाच उरला नव्हता.

फाटकाशी टेम्पोवाला हॉर्न वाजवू लागला. दोन हमाल आले आणि जाळं ओढत घेऊन गेले. रिकाम्या अंगणात सुंदराबाई बसून होत्या. दोन बोटांच्या चिमटीत त्यांनी ती फांदी उभी धरली होती, सरळ.