जिवंत सोडले : सत्तेचाळीस

तुर्लिबेक-आगांना दोन वर्षं बाद करणारा कागद रुस्तेमने माझ्यापुढे सरकवला. वर दोन आकडे होते. जिवंत सोडलेले मासे सत्तेचाळीस, मारलेला मासा एक.

"सही कर, आयजमाल. जेवण थंड होतंय."

कापशागाई जलाशयावरच्या गळाच्या स्पर्धेची मी पंच. नियम साधा आहे. मासा मोजायचा, तोच पुन्हा कुणी मोजायला आणू नये म्हणून शेपटीचा कोपरा कात्रीने कापायचा आणि सोडून द्यायचा. जो मारेल तो बाद. दिवसभर कात्री माझ्याच हातात होती. एका बोटीवरचं मोजून झालं की मी पुढच्या बोटीकडे जायची.

सकाळी आगांनी सतरा मीटर खोलीवरून एक कोक्सेर्के मासा ओढून काढला. डोळे बाहेर आलेले, पोट ताठ, जठर तोंडात आलेलं. तेवढ्या खोलीवर दाब वरच्यापेक्षा जवळजवळ पावणेतीनपट असतो. मासा झटक्यात वर आणला की त्याच्या पोटातली हवेची पिशवी तितकीच फुगते. काही मासे ती हवा तोंडावाटे सोडतात, कोक्सेर्केला ते जमत नाही. बाकीचे स्पर्धक असा मासा डोकं खाली करून जोरात पाण्यात घुसवत आणि पुन्हा गळ टाकत. आगांनीही तो तसाच सोडला, पण ते बघत थांबले. मासा कुशीवर वर आला. त्यांनी तो उचलला, बिस्मिल्ला म्हटलं आणि सोट्याचा एकच घाव घातला.

"तडफडत ठेवला तर ओबाल लागेल," ते म्हणाले. मुक्या जिवाचे हाल झाले, भाकरी पायदळी आली, की आमची म्हातारी माणसं हा शब्द काढतात.

आणि दुपारी रुस्तेमने, जो आयोजकही होता आणि स्पर्धकही, कर्ण्यावरून तोच शब्द फिरवला. "मासा मारणं म्हणजे ओबाल, मंडळी." टाळ्या पडल्या. आगा मान खाली घालून दोरा गुंडाळत राहिले.

"बाकीचे सत्तेचाळीस कुठून काढले?" मी विचारलं.

"त्याच खड्ड्यातून. मोठे तिथंच असतात."

"मग ते वाचले कशावरून?"

"पाण्यात जाताना तूच मोजलेस ना?"

मोजले होते. मागच्या वर्षीही बावन्न मोजून सही केली होती. वर किती आले ते बघायला मी थांबलेच नव्हते. जे पाहिलं नाही ते घडलंच नाही असं धरायचं, या चुकीसाठी मी काम करते त्या प्रयोगशाळेत माझी वही फेकली गेली असती. माझे कान तापले. निम्मा राग माझ्यावरच होता.

दूर, वारा जिकडे वाहत होता तिकडच्या काठावरच्या बोरूच्या दाट गवतापाशी, पांढऱ्या पक्ष्यांचा कलकलाट चालला होता.

"तासभर कुणीतरी बोट द्या."

"आता?" गेन्नादी म्हणाला. यंदाचा सगळ्यात मोठा मासा त्याचा होता. "कढई उतरलीय, पोरी. पक्षी उद्याही असतील."

आगा उठले. "चल, लेकी. मला तसंही आता काम नाही."

बोटीत मी विचारलं, "भाषण चाललं होतं तेव्हा बोलला का नाहीत?"

"माझाच शब्द उचलला त्यानं. मग बोलू कशानं?"

बोरूत एकतीस मेलेले मासे सापडले. काहींचे डोळे पक्ष्यांनी खाल्ले होते. प्रत्येक शेपटीवर माझ्या कात्रीचा सरळ काप होता.

ते मी जेवणाच्या टेबलावर, चहाच्या वाट्यांच्या मधोमध ओतले.

"हे आपलेच कशावरून?" रुस्तेम म्हणाला.

"शेपट्या बघ."

गेन्नादी वाकला. "हा माझा. पाठीवर व्रण आहे."

"याचाच फोटो टाकलास ना, 'सुखात राहा, मित्रा' लिहून?" मागून कुणीतरी म्हणालं. एकजण हसला आणि थांबला.

रुस्तेमने आवाज खाली आणला. "नियम लावला तर सगळेच बाद होतात. मीसुद्धा. पुढच्या वर्षी खेळणार कोण?"

"जो उथळ पाण्यात गळ टाकेल तो. नाहीतर कुणीच नाही."

मी सत्तेचाळीसवर काट मारली. लिहिलं : मेलेले किमान एकतीस. उरलेल्या सोळांचं काय झालं, माहीत नाही. हाल न करता मारलेला एक. मागच्या वर्षीच्या बावन्नांचं काय झालं ते पंचाने पाहिलं नाही. मग सही केली.

"हा कागद मी पाठवणार नाही," रुस्तेम म्हणाला.

"नको पाठवूस. मी पाठवते."

आगांनी चाकू उघडला होता. "पाणी गार होतं, खाता येतील. रुस्तेम, बस. खवले तू काढ."

रुस्तेम उभाच राहिला. गेन्नादीने व्रणवाला मासा ओढून घेतला आणि कुणाकडे न बघता नखांनीच खरवडायला लागला. माशाचे काटे त्याच्या हाताला टोचत होते. मी त्याला चाकू दिला नाही.