एका हिवाळ्यात दोनदा फिरवलेले कपाट

ज्या वर्षी या घरातल्या थोरल्या मुलीचे लग्न मोडले आणि तीन महिन्यांनी पुन्हा त्याच मुलाशी ठरले, त्या वर्षी मी या घरात आलो. मित्रांनो, मी एक जुने लाकडी कपाट आहे. दोन दारांचे, पाच कप्प्यांचे. थोरलीला सासरी देण्यासाठी सुताराने मला बनवले होते. लग्न मोडले तेव्हा सुतार म्हणाला, "कपाट परत घेत नाही. लग्न मोडतं, लाकूड मोडत नाही." पुन्हा लग्न ठरले आणि नवरदेवाच्या खोलीचे दार मोजले, तर माझी पाठ त्यातून जाईना. शेवटी थोरली सासरी गेली आणि मी माहेरी राहिलो.

त्याला आता वीस वर्षे झाली. एवढ्या वर्षांत मी कुणाला काही सांगितले नाही. आज सांगतो, कारण माझ्या डोळ्यांदेखत जे घडले त्याचा धक्का अजून माझ्या फळ्यांतून गेलेला नाही.

मला थोडे वाचताही येते. घरची बाई, जिला सगळे माई म्हणतात, माझ्या कप्प्यांत जुनी वर्तमानपत्रे अंथरत असे. दार लागले की अंधारात ती अक्षरे अंगाला चिकटून असत. पहिली दहा वर्षे मला त्यातले काही कळले नाही. मग एकेक अक्षर ओळखीचे होत गेले. उशिरा शिकणाऱ्याला घाई नसते आणि एकदा शिकलेले तो सहसा विसरत नाही. निदान मला तसे वाटत असे.

या घरात माणसे थोडी. माई आणि बाबा, त्यांचा मुलगा, सून आणि सात वर्षांची नात. तिला सगळे चिमणी म्हणतात. बाबा पाणीपुरवठ्याच्या नोकरीत होते. पहाटे साडेचारला उठायचे, गल्लीच्या टोकाला जायचे, जमिनीतल्या खड्ड्यात उतरायचे आणि मोठ्या लोखंडी चावीने व्हॉल्व्ह उघडायचा. त्यांनी चावी फिरवली की चार गल्ल्यांतले नळ खोकू लागत. बाबा निवृत्त झाले तरी खात्याने त्यांना सोडले नाही, कारण तो जुना व्हॉल्व्ह दुसऱ्या कुणाला दाद देत नसे.

घराबाहेर पाणी बाबांच्या हातात होते, घरात कपडे माईच्या हातात. माझी किल्ली तिच्याकडे असे. रोज संध्याकाळी ती माझे दार उघडी, उद्या कुणी काय घालायचे ते ठरवी आणि प्रत्येकाचे कपडे खुर्चीवर काढून ठेवी. बाबांनी मला कधी स्वतः उघडले नाही. कोणत्या कप्प्यात काय असते हे त्यांना ठाऊकच नव्हते. मुलगा म्हणायचा, "या घरात जन्माला येणं सोपं, पण माईला विचारल्याशिवाय रुमाल मिळणं अवघड."

ऋतू बदलला की माई मला फिरवी. घरात त्याला फिरवणी असाच शब्द होता. फिरवणी दोन दिवस चाले. माझ्यातले सगळे बाहेर निघे, पलंगावर ढीग लागे. माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली येई. स्वेटर झटकून उन्हात पडत. माई प्रत्येक खिसा उलटा करी, प्रत्येक बटण ओढून पाही, चिमणीला स्वेटर घालून हात वर करायला लावी. पोट उघडे पडले की तो स्वेटर बाद. मग कप्पे पुसायचे, नवा कागद अंथरायचा, कोपऱ्यांत डांबरगोळ्या टाकायच्या. खालच्या दोन कप्प्यांत लोकरीचे कपडे लागत आणि पातळ सुती कपडे पेटीत बसून माळ्यावर जात. उन्हाळ्याच्या तोंडावर याच्या उलट.

या घराने कॅलेंडरकडे पाहून कधी थंडी ओळखली नाही. माईने कपाट फिरवले की हिवाळा आला. आदल्या दिवशी बाहेर कितीही गारठा असो, फिरवणी झाल्याशिवाय कुणी स्वेटर मागत नसे. आणि माई कधी चुकत नसे. शेजारीण खिडकीतून विचारी, "माई, फिरवलंत का?" आणि होकार मिळाला की स्वतःच्या गोधड्या काढी. मित्रांनो, एका कपाटाला याहून मोठा मान काय हवा?

गेल्या हिवाळ्यातली फिरवणी वेळेवर झाली. लोकरीचे कपडे खाली लागले. बाबांचा तपकिरी स्वेटर सगळ्यांत वर. त्या आधी काही दिवस माई दोन-तीनदा माझे दार उघडून नुसती उभी राहिली होती, काय घ्यायला आले ते विसरल्यासारखी. मी ते वयावर सोडले. माझीही एक बिजागरी कुरकुरते.

त्या फिरवणीनंतर बाराव्या दिवशी दुपारी घरात माई एकटीच होती. तिने मला उघडले आणि सगळे कपडे पलंगावर काढले. मला वाटले, एखादे झुरळबिरळ दिसले असेल. पण तिने कप्पे पुसले, नवा कागद अंथरला आणि स्वेटरांच्या घड्या घालायला घेतल्या. इस्त्रीवाला कपडे द्यायला आला, तेव्हा तिने त्याच्याकडून पेटी खाली उतरवून घेतली.

"माई, हे स्वेटर पुन्हा वर?" इस्त्रीवाल्याने विचारले.

"मग? उन्हाळ्यात अंगावर घेऊन बसायचे का?"

"उन्हाळ्यात?"

"घाम बघ किती आलाय." तिने पदराने कपाळ पुसले. काम करून तिला घाम आला होता हे खरे.

इस्त्रीवाला माझ्याकडे पाहत राहिला. त्याने स्वतः मफलर बांधला होता. पण तो या गल्लीतला माणूस, आणि माईच्या फिरवणीला नाही म्हणायची सवय त्यालाही नव्हती. त्याने भरलेली पेटी उचलून माळ्यावर ठेवली. मी दोन्ही दारे सताड उघडी टाकून उभा होतो. माझ्या पोटात एकही लोकरीचा धागा उरला नव्हता. ओरडता आले असते तर मी ओरडलो असतो.

संध्याकाळी खुर्चीवर अर्ध्या बाह्यांचे शर्ट आले. घरातली माणसे एकेक करून खोलीत आली, खुर्चीकडे पाहिले आणि आपापले शर्ट उचलून बाहेर गेली. चिमणी म्हणाली, "माई, मला थंडी वाजते." सुनेने तिला पटकन बाहेर नेले.

माई झोपल्यावर बाबा आणि सून माझ्यासमोर हळू आवाजात बोलत होते.

"बाबा, तुम्ही सांगा ना त्यांना. तुमचं ऐकतील."

"चार दिवस थांब. येईल लक्षात. आलं की स्वतःच उतरवेल पेटी."

"आणि नाही आलं तर?"

बाबांनी खुर्चीवरच्या आपल्या शर्टाची घडी सारखी केली. "गॅस चालू राहिला म्हणून स्वयंपाकघर तिच्याकडून काढून घेतलं आपण. बरोबरच केलं. पण आता हे कपाटही घेतलं, तर तिच्याकडे उरलं काय?"

मग या घरातल्या माणसांनी एक अजब गोष्ट केली. माईला दुखवायचे नाही म्हणून सगळे चोरून ऊब घेऊ लागले. मुलाने नवे जाकीट घेतले आणि ते कचेरीतच ठेवले. सुनेने चिमणीसाठी नवा स्वेटर आणला. तो दप्तरात राही, जिना उतरल्यावर अंगात जाई आणि घरी येताना जिन्यातच पुन्हा दप्तरात जाई. बाबांसाठीही तिने एक आणला होता. त्यांनी तो घेतला नाही.

"दुसरा घातला तर मीच मान्य केलं असं होईल," ते म्हणाले. "की ती चुकली."

"चुकल्याच आहेत ना, बाबा."

"मी दोन शर्ट घालतो. दोन शर्टांचा एक स्वेटर होतो. हिशेब सरळ आहे."

ते हसले. सून हसली नाही. पहाटे माई स्वतः उठून त्यांना शर्ट देई, दारापर्यंत जाई आणि म्हणे, "बघा, कशी छान हवा सुटलीय." बाबा म्हणत, "छान आहे." तिची पाठ वळली की मगच ते हात काखेत घालत.

चार दिवसांचे आठ झाले, आठाचे चौदा. चौदाव्या दिवशी व्हॉल्व्हच्या खड्ड्यात पाइप फुटला. पाणी थांबेपर्यंत बाबा छातीभर पाण्यात उभे होते. सातच्या सुमारास घरी आले ते थरथरत. सून चिमणीला शाळेत सोडायला गेली होती आणि मुलगा सकाळच्या पाळीला कचेरीत. माईने टॉवेल दिला, कोरडा शर्ट दिला. अर्ध्या बाह्यांचा, पांढरा. मग किल्ली माझ्या दाराला तशीच ठेवून ती त्यांच्यासाठी पाणी आणायला गेली.

तेव्हा बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा मला उघडले. त्यांचा हात बर्फासारखा होता. तो खालच्या कप्प्यात शिरला, घड्यांखाली गेला, पार मागच्या फळीपर्यंत पोचला. तिथे बनियन होते. त्याखाली आणखी बनियन. त्यांनी दुसरा कप्पा चाचपला. मित्रांनो, माझ्यात तेव्हा अठ्ठेचाळीस कपडे होते आणि त्या माणसाला द्यायला माझ्याकडे काही नव्हते.

माई परत आली. "काय शोधताय?"

बाबांचे दात वाजत होते. ते म्हणाले, "रुमाल."

"रुमाल वरच्या कप्प्यात असतो. हे कपाट येऊन एकोणीस वर्षं झाली, अजून तुम्हाला रुमाल सापडत नाही." तिने हसत रुमाल काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो घेतला आणि नीट घडी घालून खिशात ठेवला.

दुपारी ताप चढला. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाने त्यांना दवाखान्यात हलवले. डॉक्टरांनी छातीत न्यूमोनिया सांगितला. त्या संध्याकाळी सुनेने स्टुलावर चढून माळ्यावरची पेटी उघडली. तपकिरी स्वेटर हातात घेऊन ती पलंगावर बसली. मुलगा दारात उभा होता.

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," ती म्हणाली.

"मलाही."

"मग तू का नाही बोललास?"

"मला वाटलं, बाबा सांभाळतील." थोड्या वेळाने त्याने विचारले, "आणि तू?"

तिने स्वेटरची घडी मोडली आणि पुन्हा घातली. एवढ्या वर्षांत मी या खोलीत भांडणे ऐकली, रडणे ऐकले. पण त्या शांततेने माझ्या फळ्या हादरल्या.

माईला खरे कुणी सांगितले? चिमणीने. बाबा गेल्यानंतर काही दिवसांनी माई पुन्हा शर्ट काढत होती. चिमणीने तिचा हात धरून तिला खिडकीशी नेले. "माई, हात बाहेर काढ." माईने काढला आणि तसाच ठेवला. बऱ्याच वेळाने तो आत घेऊन ती त्याच्याकडे पाहत राहिली.

"गार आहे," ती म्हणाली. "हिवाळा आहे का गं?"

"हो."

"मग यांनी मला सांगितलं का नाही?"

चिमणी तिचा गार हात चोळत राहिली. मी एवढे मात्र पाहिले की माई कोसळली नाही. ती माझ्यापाशी आली, दार उघडले आणि म्हणाली, "चल, मला मदत कर. मी विसरले तर तू सांगत जा." आता दोघी मिळून मला फिरवतात. चिमणी ऋतू सांगते, माई घड्या घालते. घड्या अजून तशाच, सुरीने कापल्यासारख्या.

मित्रांनो, जुन्या कपाटाला तेल लावा, वाळवी लागू देऊ नका, असे मी सांगावे हे तुम्हाला अपेक्षित असेल. ते जमेल तेव्हा करा. पण तुमच्या घरात कुणी थंडीला ऊन म्हणू लागले, तर नुसते हो म्हणू नका. हसूही नका. हात धरा, खिडकीशी न्या आणि खरे काय ते सांगा. मोठी माणसे सांगतील म्हणून वाट पाहू नका. या घरात तीन मोठी माणसे होती, आणि तिघांनाही माहीत होते.

बाबा वारले ते त्याच हिवाळ्यात, दुसऱ्या फिरवणीनंतर तेविसाव्या दिवशी, शुक्रवारी सकाळी पावणेसहा वाजता.