शर्यतीतली नऊ नावं

माझा नवरा लेस्टर तेवीस वर्षं आमच्या गावच्या घोड्यांच्या शर्यतींचं समालोचन करत होता. लाकडी शिडीवर एक खोपटं, त्यात माईक, दुर्बीण आणि आम्ही दोघं. प्रत्येक शर्यतीआधी मी पुठ्ठ्यावर घोड्यांची नावं लिहून शेजारी त्यांच्या जॉकींचे सदरे रंगीत पेन्सिलींनी रंगवायचे आणि तो सदऱ्याच्या रंगावरून नावं पाठ करायचा. चहाला उकळी फुटेपर्यंत चौदा घोडे तोंडपाठ! कागद बघून बोलणं म्हणजे या धंद्यात नाक कापून घेणं.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या आतड्यांना क्रोनचा आजार जडला. धावपळीची सवय झाली. शिडीखालच्या संडासाची किल्ली मी गळ्यातच घालायचे. पण दुखणं उसळलं की डोक्यातही धुकं उतरतं, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. किटलीला तो ‘ते पाण्याचं’ म्हणायला लागला. यंदा जानेवारीत ऐन शेवटच्या वळणावर तो गप्प झाला आणि मग ओरडला, “पिवळा... पिवळा पुढे!”

खाली हशा पिकला. “लेस्टरने आज सकाळीच टाकलेली दिसतेय!”

लेस्टर दारूला शिवत नाही, पोटाला सोसतच नाही. तरी तो खाली बघून हसला आणि हात हलवला.

“खरं सांगून टाक ना,” मी घरी म्हटलं.

“प्यायलेल्याला लोक सांभाळून घेतात, आयव्ही. हगवणवाल्याशेजारी कोण बसतं?”

मला आजाराचा आला नव्हता इतका राग त्या हसण्याचा आला.

आठवड्याने क्लबचा अध्यक्ष बर्ट हॅनिगन घरी आला. “लेका, शर्यतीच्या दिवशी थेंबही घेणार नाही असं लिहून दे. नाहीतर मार्चमधल्या कपच्या मोठ्या शर्यतीला दुसरा माणूस बघतो.”

लेस्टरने लगेच सही केली. इतकी सोपी शपथ कुणी घेतली नसेल.

कपच्या दिवशी हॅनिगन आमच्या खोपटातच येऊन बसला. पाच शर्यती नीट पार पडल्या. सहावी कपची. दोन घोडे खांद्याला खांदा लावून आले आणि लेस्टरची वाचाच बसली. मी पुठ्ठ्यावर बोट ठेवलं, त्याने मान वळवली नाही. शेवटी मीच माईक ओढून दोन्ही नावं ओरडले.

शर्यत संपल्यावर हॅनिगनने त्याच्या तोंडाशी नाक नेलं. नुसत्या चहाचा वास.

“मग हे काय, लेका?”

लेस्टरने माझ्याकडे बघून मान हलवली. नको. दोन वर्षं मी त्याचं ऐकलं होतं. या वेळी नाही ऐकलं. आतडी, किल्ली, धुकं, सगळं सांगून मोकळी झाले.

हॅनिगनने टोपी काढली. “प्यायला असतास तर बरं झालं असतं रे. दारू सोडवता येते.”

त्याच्या बोलण्यात कुचकेपणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

“पुढच्या हंगामाला...” त्याने सुरुवात केली.

“कळलं,” लेस्टर म्हणाला. “आजची एक राहिलीय.”

“कागद बघून कर, कोण विचारतंय?”

लेस्टरने पुठ्ठा उचलला, दोनदा वरपासून खालपर्यंत वाचला आणि पालथा घातला.

शेवटच्या शर्यतीत नऊ घोडे होते. नऊच्या नऊ नावं आली, जागच्या जागी, एकदाही न अडखळता. मला रडू आवरेना. खाली लोक कपच्या गप्पा मारत गाड्यांकडे निघाले होते. कुणी मान वर करून बघितलं नाही.