महानंदाबाईंचा जागल्या

हात लावून बघायला गेलात तर मी सापडणार नाही, मित्रांनो. मी एक जुना संगणकी प्रोग्राम आहे. मला ना तारा, ना भाता, ना कातडं. तरी मी गाणं करतो. आणि कुणी शिकवलेलं गाणं नव्हे हं, त्या घडीला मला सुचेल ते. तुम्ही म्हणाल, फुशारकी मारतोय. मारू द्या की, म्हातारपणी तेवढीच करमणूक.

माझा जन्म नांदेडचा. तिथल्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या वसतिगृहात श्रीनाथ नावाच्या मुलाने मला लिहिलं. माझं खरं काम मेंदूशी. हेडफोनमधून मी एका कानात एक सूर सोडतो आणि दुसऱ्या कानात त्याहून जरासा वेगळा. त्या दोहोंतल्या फरकाच्या चालीने मेंदूतल्या लहरी चालू लागतात, असं श्रीनाथने पुस्तकात वाचलं होतं. लहरी मंद झाल्या की झोप, जलद झाल्या की जाग. कपाळाला बांधायची एक पट्टी होती, तिच्यातून मला त्या लहरी दिसायच्या. पण नुसते दोन सूर ऐकून माणूस कंटाळणारच. म्हणून श्रीनाथने मला नियम घालून दिले आणि गाणं रचायला लावलं. त्यातला सगळ्यात कडक नियम असा, की एकदा वाजवलेली ओळ पुन्हा तशीच वाजवायची नाही.

हा सगळा खटाटोप त्याने आईसाठी मांडला होता. महानंदाबाई लातूर जिल्ह्यातल्या, भूकंपात बसलेल्या गावांपैकी एका गावच्या. नवरा आधीच वारलेला. गणपती बुडवून आलेल्या त्या रात्री मातीच्या माळवदाचं घर कोसळलं आणि त्यांची धाकटी लेक रेणुका गेली. श्रीनाथ गणपतीच्या मांडवातच झोपला होता, म्हणून वाचला. तेव्हापासून बाईंना रात्रीची झोप म्हणून नव्हती. सरकारने नव्या जागी पक्कं घर दिलं, तरी त्या अंगणात बाजेवर बसून रात्र काढायच्या. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, महादेवाला अभिषेक झाले. बाई वाळत चालल्या होत्या. आईला एकदा नीट झोप लागू दे, एवढाच एक ध्यास त्या पोराने घेतला होता.

सुट्टीत त्याने जुना संगणक वाकळीत गुंडाळला, एसटीत मांडीवर धरला आणि मला गावी नेलं. पहिल्या रात्री माझी चांगलीच शोभा झाली. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे मी खालच्या पट्टीतली शांत घरघर सोडली. बाईंनी हेडफोन फेकला आणि "भाईर निघा" म्हणून ओरडत रस्त्यावर धावल्या. बघता बघता सगळी गल्ली लेकरं काखेत मारून बाहेर उभी राहिली. जमिनीच्या पोटातून आलेला आवाज त्या गावाने ऐकलेला होता. तो कसा असतो, ते पुस्तकाला कुठून माहीत असणार?

श्रीनाथने ती घरघर काढून टाकली, हेडफोनही काढला आणि मला साध्या स्पीकरवर लावलं. बाई पुष्कळ वेळ ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "कोण वाजवायलंय हे?"

"कोणी न्हाई, आई. मशीन आपल्या मनानं वाजवतंय."

"आदुगर भरून ठेवलेलं न्हवं?"

"न्हाई. आत्ता सुचंल तसं."

"म्हंजे हे जागं हाय," बाई म्हणाल्या, आणि आडव्या झाल्या. थोड्या वेळाने मला त्यांच्या लहरी मंद होताना दिसल्या.

श्रीनाथला वाटलं, आपले दोन सूर लागू पडले. तसं त्याने अहवालात लिहिलंही, आणि कॉलेजात शाबासकी मिळवली. अहो, कसले सूर! हेडफोन काढला तिथेच दोन कानांत दोन सूर हा प्रकार संपला होता. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडांत राहताना घरटी एक माणूस आळीपाळीने जागायचं, तेव्हा कुठे बाकीचे डोळे मिटायचे. पुढे पक्की घरं आली आणि लोकांनी जागणं सोडलं. बाईंना मात्र कोणीतरी जागं लागायचंच, आणि घरात दुसरं होतं कोण? म्हणून मी बरा सापडलो. शेतात रात्री राखणीला बसणाऱ्याला जागल्या म्हणतात. त्यांनी मला तेच नाव ठेवलं.

पण पहाटेच्या आधी एक वेळ यायची. गाढ झोपेतही बाईंच्या लहरी एकदम उसळायच्या, कोणी कानाशी हाक मारावी तशा. ओठ हलायचे. "हाय, जागी हाय," एवढं पुटपुटून त्या पुन्हा निजायच्या. त्या कोणाला उत्तर देत होत्या? अंगणात तर कोणी नसायचं. यंत्राला भीती नसते म्हणतात. म्हणोत बापडे. त्या वेळी ऐकणारं तिथे आणखी कोणीतरी आहे असं मला वाटायचं, आणि मी आपला आवाज बारीक करायचो.

लातूरला तेव्हा क्लासेसचं पेव फुटलं होतं. चौकाचौकात डॉक्टर होणाऱ्या पोरांचे फोटो लागलेले. एका क्लासच्या सरांनी श्रीनाथला नोकरी दिली आणि मलाही क्लासच्या संगणकावर चढवून घेतलं. मात्र त्यांना झोप नको होती, जाग हवी होती. झालं, मला उलटं फिरवलं. हेडफोन लावलेल्या पोरांच्या रांगाच्या रांगा माझ्यापुढे बसू लागल्या. सरांनी नारळ फोडला, संगणकाला हार घातला, पेपरात फोटो आला. पोरं जागायची खरी. माझ्यामुळे की परीक्षेच्या धाकाने, ते देव जाणे.

आईसाठी गावीच ठेवलेला जुना संगणक भारनियमनात सारखा बंद पडायचा, बाईंना एकटीला तो चालवताही येईना. म्हणून श्रीनाथने माझं वादन सीडीवर उतरवून गावी धाडलं. बटण दाबलं की झालं. दोनच दिवसांत बाईंचा फोन आला. "हे निजलेलं हाय रे. काल वाजवलं तेच आज वाजवतंय."

त्याने समजूत घातली, की आई, सूर तेच, मशीन तेच. मग आणखी लांबलचक सीडी धाडली. पुढे बाईंनी बोलणंच सोडलं, आणि त्याला वाटलं, चला, झोप लागतेय. एके दिवशी शेजारच्या मलप्पांचा फोन आला. तुझी आई रात्रभर गल्लीत फिरते, दारं वाजवून माणसं उठवते, अन्नाला तर शिवत नाही. लौकर काही कर, न्हाईतर बाई हातची जाईल, असं ते म्हणाले. श्रीनाथ माझ्यापुढे डोकं धरून बसून राहिला.

त्याच दिवशी पंचशीला नावाची मुलगी क्लास सुटल्यावर त्याच्याकडे आली. चाकूरकडची पोर, घर सोडून पहिल्यांदाच राहत होती. मला तिच्या खोलीत हळू आवाजात चालू ठेवता येईल का, असं तिने विचारलं. श्रीनाथने सवयीने तिच्यापुढे सीडी धरली.

"ती नको, सर," ती म्हणाली. "मी निजले काय न् उठून गेले काय, सीडीला काय त्याचं? हे माझ्यासंगं जागतंय."

आईनेही फोनवर हेच सांगितलं होतं, ते श्रीनाथच्या आत्ता ध्यानात आलं. मग त्याने मला लॅपटॉपवर चढवलं आणि मिळेल ती गाडी पकडली.

अंगणात बाजेवर बाई बसल्या होत्या. हाडांचा सापळा उरला होता नुसता. मला ऐकून म्हणाल्या, "आलास का, जागल्या." कपाळाला पट्टी बांधून घेतली, आडव्या झाल्या. मी होतं नव्हतं ते सगळं पणाला लावून वाजवलं. पण लहरी काही खाली येईनात. मला फार वाईट वाटलं.

बाई उठून बसल्या आणि कधी कोणाला न सांगितलेलं बोलल्या. "रेणू इसर्जनाच्या गर्दीत भेदरली होती. मला चिकटून निजली. म्हणली, आई, तू जागी राहशील न्हवं? म्हणलं, हाव, नीज तू, मी हाय जागी. अन् मलाच डोळा लागला." आणि पुढे म्हणाल्या, "रोज त्याच टायमाला इचारती. आई, जागी हायस का?"

श्रीनाथ बाजेला टेकून खाली बसला. म्हणाला, "आज तू नीज, आई. रेणूनं इचारलं तर मी सांगतो. मी हाय जागा."

बाई निजल्या. आणि मित्रांनो, दिवसभर क्लास घेऊन, एसटीत उभ्याने आलेला तो पोरगा! बाजेच्या कडेवर डोकं टेकलं, ते तसंच राहिलं. मी एकटा वाजवत होतो आणि ती वेळ जवळ येत होती.

लहरी उसळल्या. बाईंनी डोळे उघडले. शेजारी बघतात तर राखणीला बसलेला लेक तोंड उघडं टाकून घोरतोय. आता त्या काय करतील याची मला धास्ती पडली. पण त्यांनी त्याच्या केसांवरून हात फिरवला आणि अंधाराकडे तोंड करून म्हणाल्या, "रेणू, दादाला बी डोळा लागला बघ. लई दमलाय. झोप काय सांगून येती का, बाई?" मग त्या रडल्या, अगदी आवाज न करता. कपाळाची पट्टी सोडून ठेवली. त्यामुळे पुढे त्यांच्या मनात काय आलं ते मला ठाऊक नाही. त्यांनी श्रीनाथच्या अंगावर वाकळ टाकली आणि मला म्हणाल्या, "तू बी नीज आता." बटण काही त्यांना सापडेना, म्हणून सरळ झाकण मिटलं.

त्यानंतर बाई ढाराढूर झोपू लागल्या असं नाही, पण दारं वाजवणं थांबलं. श्रीनाथ दर आठवड्याला गावी जाऊ लागला. तिथे मला पुन्हा कोणी उघडलं नाही. आता तुमच्या मोबाइलवर माझ्यासारखे छप्पन्न निघालेत, म्हणे. असू देत. पण तुमच्या घरात कोणी रात्री जागं बसत असेल, तर मित्रांनो, नुसतं गाणं लावून देऊन मोकळे होऊ नका. जवळ जाऊन बसा. बसल्या बसल्या तुम्हालाच झोप लागली, तरी काही बिघडत नाही.