उसन्या तक्रारी

डॉक्टरीणबाई सकाळी दवाखान्यातल्या खोलीत बसून मानसोपचार करायच्या आणि दुपारी, सगळ्यांची रीतसर परवानगी घेऊन, बाहेरच्या बाकावर बसायच्या. वाट पाहणारी माणसं एकमेकांशी काय बोलतात, हा त्यांच्या मानववंशशास्त्राच्या संशोधनाचा विषय. आत "बरं आहे" एवढंच पुटपुटणारा माणूस बाहेर तासभर मन मोकळं करायचा, याची त्यांना भारी गंमत वाटे.

बाकावर राज्य होतं शिवणकामवाल्या मावशींचं. कोणी कुठे बसायचं, कोणी आधी बोलायचं, सगळं त्या ठरवणार. झोप उडाली म्हणून त्या तीन वर्षांपूर्वी आल्या आणि चार महिन्यांत ठणठणीत झाल्या. तरी दर मंगळवारी नवी तक्रार घेऊन हजर!

"लिफ्टमध्ये शिरलं की छातीत धडधडतं हो," मागच्या मंगळवारी त्या म्हणाल्या.

मावशी राहायच्या तळमजल्यावर. बाईंनी टिपणवही चाळली, तर लिफ्टची भीती बाकावरच्याच पोस्टमनकाकांची निघाली. त्याआधीची परीक्षेची धास्ती कॉलेजातल्या पोरीची. मावशी चक्क तक्रारी उसन्या आणत होत्या! बाईंना हसू आवरेना.

पण मोठ्या साहेबांचं फर्मान निघालं: बऱ्या झालेल्यांच्या फाइली महिनाअखेर बंद. मावशींना कुणकुण लागली असावी, कारण या मंगळवारी त्या एकदम तीन तक्रारी घेऊन आल्या.

"मावशी, हे सगळं बाकावरचं आहे. फाइल बंद करावी लागेल आता," बाई शक्य तितक्या हळू म्हणाल्या.

मावशींचा चेहरा पडला. त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि वळल्या.

"मग एक शेवटची लिहा. घरी गेलं की दुसऱ्या दिवशी बाहेर पडेपर्यंत तोंडातून शब्द निघत नाही. बोलणार कोणाशी?"

बाईंनी सवयीने वही उलटसुलट चाळली. कुठेच सापडेना.

"ही कोणाची?"

"असलं बाकावर सांगतं का कोणी? माझीच."

बाईंना स्वतःची लाज वाटली. वर्षभर त्या मावशींच्या शेजारी बसल्या होत्या. वहीत सगळ्यांची दुखणी होती, सगळ्यांना बोलतं करणाऱ्या मावशींबद्दल एक ओळ नव्हती. त्यांनी वही मिटून खणात टाकली आणि खुर्ची पुढे ओढली.

"बसा, मावशी."

"म्हणजे फाइल बंद नाही ना?"

"बंद कसली? आज तर उघडली."