जयाबाईची न उघडणारी मूठ

मी जयाबाईच्या उजव्या हाताचा स्नायू बोलतोय. कोपर आणि मनगट यांच्यामध्ये माझं घर. बोटं मिटवणं हे माझं काम. तुम्ही म्हणाल, मूठ वळायला एवढी काय अक्कल लागते? लागते हो!

निपाणीच्या बिडी वळणाऱ्या बाईच्या अंगात जन्मलो, म्हणून तिच्याच भाषेत सांगतो. ती पंचवीस बिड्यांचा कट्टा बांधायची ना, तसाच मी बांधलेला. माझ्यात कट्टे, कट्ट्यांत तंतू, तंतूंत केसाहून बारीक धागे, काही जाड, काही पातळ. मेंदूचा हुकूम आला की जाड धागे पातळ धाग्यांना ओढतात, विहिरीचा दोर हातावर हात टाकत ओढावा तसे. धागा एकही आखूड होत नाही. नुसते एकमेकांत सरकतात आणि मी आकसतो. आणखी एक, धरलेलं सोडायलाही बळ लागतं. ते रक्तानं आणून द्यावं लागतं.

वीस वर्षं मी तिच्या बिड्या वळल्या. पानात तंबाखू भरायची, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. बायका हातातलं काम थांबवून तिची बोटं बघायच्या. मला गर्व होता, खोटं कशाला बोलू?

दोन वर्षांपूर्वी धुण्याच्या दगडावर तिचा पाय घसरला आणि याच हाताचं हाड मोडलं. नवरा महादेव तिला नागोजी अण्णांकडं घेऊन गेला. अण्णा हाडं बसवतात. भला माणूस. नारळाशिवाय काही घेत नाही. जयाबाईच्या वडिलांचा मोडलेला पाय त्यांनीच बसवलेला. त्यांनी पाला वाटून लावला, बांबूच्या कांब्या ठेवल्या आणि दोरीनं करकचून बांधलं.

"नऊ दिवस गाठ सोडायची न्हाय, बाई. सोडलीस तर हाड हलतंय."

संध्याकाळपर्यंत मी सुजलो. सुजून जाणार कुठं? बाहेर दोरी! रक्ताची वाटच बंद झाली. जयाबाई कळवळून रडत होती. लेक माधवी तेव्हा दहावीत. तिनं आईची बोटं हातात घेतली.

"आई, बोटं गार पडल्यात गं. सोडू काय?"

तिची नखं गाठीत शिरलीसुद्धा होती. मी आतून ओरडत होतो, सोड पोरी, सोड!

"नगं गं," जयाबाई म्हणाली. "नारळावर लोकांची हाडं बसवणारा माणूस. त्याचा शबूद कसा मोडू?"

माधवीनं हात मागं घेतला.

सकाळी दुखणं थांबलं. घरात कोण आनंद! "पाला लागू पडला बघ," महादेव म्हणाला. अरे देवा, दुखायला मी उरलो होतो कुठं?

नवव्या दिवशी गाठ सुटली. पुढं हाड अगदी सरळ जुळलं. बोटं मात्र हलेनात, आणि हळूहळू तळहाताकडं वळत गेली. बेळगावच्या डॉक्टरांनी मला दाबून बघितलं. "दोरी त्याच संध्याकाळी सोडली असती तर स्नायू वाचला असता." माधवी शेजारीच उभी होती. तिनं खाली बघितलं ते घरी येईपर्यंत मान वर केली नाही.

तेव्हापासून रोज सकाळी ती कोमट तेल लावून आईचं एकेक बोट सरळ करायची. सोडलं की बोट परत वळायचं. मी आता निबर झालोय. कडेचे चार तंतू तेवढे जिवंत आहेत.

काल ती नर्सिंग शिकायला बेळगावला निघाली. एसटी लागली होती. पायरीवर पाय ठेवता ठेवता ती मागं वळली.

"आई, त्या दिवशी मी गाठ सोडाय पायजे होती."

दोन वर्षांत पहिल्यांदा त्या गाठीबद्दल बोलली पोरगी.

"मीच नगं म्हणालते की! तुजा काय दोष गं, बाळा?"

जयाबाईनं लेकीच्या गालावरून फिरवायला उजवा हात उचलला. हाताच्या पाठीकडच्या माझ्या भावानं बोटं उघडायला सगळा जोर लावला. मी नुसतं सैल व्हायचं होतं. तेवढंही मला जमलं नाही. वळलेल्या मुठीनंच तिनं लेकीचे डोळे पुसले.

माझं स्वतःसाठी काही मागणं नाही. पण तुमच्या घरी कुणाच्या बांधलेल्या हाताची बोटं गार पडली, तर भल्या माणसाचा शब्द मोडा. तो रागावेल. रागावू दे. आधी गाठ सोडा.