लाँड्रीचा ट्रान्सफॉर्मर

ताईला माणसांपेक्षा जागा लवकर कळत. ट्रान्सफॉर्मर कुठे बसणार ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ती कागदावर अक्षर लिहीत नसे. दादाला, म्हणजे तिच्या थोरल्या भावाला, हे नसते लाड वाटत. त्यांच्याकडचे दोन्ही प्रकारचे ट्रान्सफॉर्मर बिनतेलाचे, दोन्हींची ताकद सारखी. मग कुठला कुठे गेला म्हणून काय आभाळ कोसळतंय, असं त्याचं म्हणणं. ट्रान्सफॉर्मर पुरवायचा धंदा वडिलांचा, खुर्ची दादाची आणि डोकं ताईचं, अशी त्या घरची वाटणी होती.

त्या महिन्यात दोन मागण्या आल्या. एक काचेच्या नव्या ऑफिसची: कोरडी, थंड खोली, फरशीत तोंड दिसेल इतकी स्वच्छ. दुसरी इस्पितळाच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीची: तळघर, ओल्या भिंती, हवेत वाफ आणि कापसाचे तंतू. ताईने लाँड्रीसाठी ओल शिरू न देणाऱ्या रेझिनमध्ये पूर्ण बंद केलेल्या तारेच्या वेटोळ्यांचा लिहिला, ऑफिससाठी उघड्या वेटोळ्यांचा. शेंबड्या पोरालाही कळेल इतकं ते सरळ होतं.

दादाने अदलाबदल केली. ऑफिसवाले मोठं गिऱ्हाईक, त्यांच्या साहेबाला दिसायला गुळगुळीत, म्हणजे रेझिनवाला, हवा होता. लाँड्रीच्या तळघरात कोण मरायला बघायला जातंय? ताई भांडली. सुट्टीत बंद राहिला की उघडा ट्रान्सफॉर्मर ओल धरेल, न सुकवता चालू केला की जळेल, असं तिने बजावलं. वडिलांनी तिलाच जवळ बसवून समजावलं, की थोरला आहे, त्याचा शब्द खाली पडू देऊ नकोस. ताईने बदललेल्या कागदावर सही केली. करायला नको होती, आणि हे तिला सही करतानाच ठाऊक होतं.

चार दिवसांच्या सुट्टीनंतर लाँड्री उघडली, आणि चालू करताच ट्रान्सफॉर्मर जळाला. दादाने पत्र धाडलं, की तुमच्या वायरमनने न सुकवता चालू केला. ट्रान्सफॉर्मरसोबत सूचनांचे कागद रेझिनवाल्याचेच गेले होते, त्यांत सुकवायचं नावही नव्हतं, हे काही त्याने लिहिलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी. लाँड्रीने म्हाताऱ्या वायरमनला घरी बसवलं.

ताईने लाँड्रीच्या नावे खरं काय ते लिहिलं, खाली सही केली आणि पत्र घेऊन वायरमनचं घर गाठलं. त्याने खुर्ची पुसून दिली, पाणी दिलं. तिने सगळं सांगून टाकलं. तो मान हलवत ऐकत राहिला.

"हा इथे टिकायचा नाही, हे मी बघताक्षणीच ओळखलं होतं," तो म्हणाला. "परत पाठवणार होतो. मग कागदावर तुमची सही दिसली. म्हटलं, ताईंनी जागा पाहिलीय, आपण कशाला शहाणपणा करायचा."

ताईने पत्र पुढे केलं. त्याने चष्मा लावला, आधी खालची सही पाहिली, समाधानाने मान डोलावली, आणि पत्र न वाचताच तिला परत दिलं.